पाण्याआधीची बैठक

गॅरेजमधल्या दोन्ही गाड्या बाहेर काढल्यात आणि त्यांच्या जागेवर रबराच्या जाड चटया अंथरल्यात. एका भिंतीवर बर्फ उपसायची फावडी टांगलेली, दुसरीवर स्कीच्या जोड्या. मधल्या खांबाला दोरी बांधलीय. तिच्या टोकाला फूटभर लांबीचं, रबर चढवलेलं हँडल. उघड्या दारातून लेक मिनेटोंका दिसतं. काठाला हात-दोन हात पाणी सुटलंय, पण मधला बर्फ हटलेला नाही, नुसता काळपट पडलाय. मिनीआपोलिसच्या पश्चिमेच्या ह्या तळ्यावरचा बर्फ साधारण एप्रिलच्या मध्याला जातो. आज एप्रिलचा पहिला आठवडा आहे.

"बूट काढा," बाई म्हणतात, "आणि बसा. खुर्चीवर नाही, खाली."

सहाजण आहेत. माझा भाचा, मूळचा सांगलीचा, कृष्णेत पोहायला शिकलेला आणि आता दिवसभर संगणकापुढे बसणारा. एक शाळेतल्या शिक्षिका, एक सुतार, नुकतंच कॉलेज संपवलेला एक मुलगा, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आणि ज्यांचं हे गॅरेज आहे ते अडुसष्ट वर्षांचे आजोबा. स्पर्धेत उतरणारं ह्यांच्यात कुणी नाही. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी बोट काढायची, आळीपाळीनं दोरी धरून तिच्यामागे वॉटर स्कीइंग करायचं, दमलं की काठावर येऊन खायचं-प्यायचं, एवढाच मामला. पण सहा-सात महिने अंगाला काही काम नाही आणि मग एके दिवशी थेट बोटीच्या मागे, ह्या प्रकारात दरवर्षी कुणाची ना कुणाची कंबर धरते. शिक्षिकेची तर मांडीच दुखावली होती. म्हणून यंदा बर्फ असतानाच ही शिकवणी सुरू झालीय. शिकवणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत आणि लहानपणापासून स्वतः स्की करतात. मी भाच्याकडे मुक्कामाला आलोय, बघायला म्हणून बरोबर आलो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलोय.

बाईंना हवी आहे ती बैठक म्हणजे आपलं उकिडवं बसणं. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे छातीशी, हात गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी सरळ पुढे. सुतार बसायला जातो तो मागच्या मागे कलंडतो. बँकेतल्या बाईंच्या टाचा वर उचलल्या जातात आणि सगळा भार चवड्यांवर येतो. आजोबा निम्म्यावर येऊन थांबतात, गुडघा वाजतो, ते खांब धरतात. बाई त्यांना तिथेच थांबवतात. "तुम्ही खांब धरूनच करायचं. रोज थोडं खाली. जोर लावायचा नाही." सुताराच्या टाचांखाली त्या एक फळी सरकवतात. त्याबरोबर तो नीट बसतो आणि स्वतःच चकित होतो.

"मामा, तू बसून दाखव ना," भाचा म्हणतो.

मी स्टुलावरून उतरून बसतो. ह्यात दाखवण्यासारखं काय आहे हे मला कळत नाही, पण सगळे बघत राहतात. बाई माझ्या टाचांकडे बोट करतात, घोट्याचा कोन दाखवतात, पाठ कशी राहिलीय ते सांगतात. हे कुठे शिकलात, असं सुतार विचारतो. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, भाचा परस्पर सांगून टाकतो, लहानपणापासून बसतोच आम्ही असे. त्यावर बाई त्यालाच बसायला सांगतात आणि त्याच्या टाचा उचलल्या जातात. पंधरा वर्षं खुर्ची आणि कमोड ह्यांनी सांगलीचं उकिडवं बसणं घालवलंय. सुतार हसत हसत आपली फळी त्याच्याकडे सरकवतो.

एवढा आटापिटा ह्या बैठकीसाठी का, ते बाई आता सांगतात. खोल पाण्यात सुरुवात करताना माणूस ह्याच बैठकीत तरंगत असतो. लाइफ जॅकेट त्याला वर धरून ठेवतं, स्कीची टोकं पाण्याबाहेर असतात आणि दोरी दोन्ही स्कींच्या मधून बोटीकडे गेलेली असते. बोट निघाली की पाणी स्कीच्या तळव्यावर रेटा देतं. वेग वाढतो तशी स्की पाण्याच्या वर येते आणि तिच्यावर बसलेला माणूसही आपोआप वर येतो. तोपर्यंत त्यानं करायचं काहीच नसतं. गुडघे पोटाशी धरून, हात सरळ ठेवून बसून राहायचं.

"आणि हेच कुणाला जमत नाही," शिक्षिका म्हणतात.

खांबाची दोरी सोडून बाई आता ती स्वतःच्या हातात घेतात. भाचा चटईवर बसतो, टाचा रोवतो, हँडल धरतो. त्यानं "हिट इट!" म्हणायचं, मग बाई मागे चालत जाणार आणि तो उठणार. पाण्यावर बोट चालवणाऱ्याला निघायचा इशारा देतात तो हाच.

"हिट इट!"

दोरी ताणली जाते न जाते तोच भाच्याची कोपरं वाकतात. रस्सीखेच लागल्यासारखा तो हँडल छातीशी ओढून घेतो. क्षणभर दोरी ढिली पडते आणि तो धपकन मागे बसतो. पाण्यात असता तर त्या क्षणी मागे पडला असता, बाई सांगतात. बोटीशी ओढाओढी करून कुणीही जिंकत नाही. तिच्या इंजिनात शेकडो घोड्यांची ताकद आहे, तुझ्या दंडांची तिला गरज नाही. हात म्हणजे दोरीचाच पुढचा भाग समज.

"परत."

ह्या वेळी हात सरळ राहतात, पण गुडघे घाई करतात. ढुंगण आधी वर येतं, पाय सरळ होतात आणि छाती पुढे मांड्यांवर झुकते. बाई तत्क्षणी दोरी सोडून देतात. त्यांचा चेहरा बदललाय. त्या सगळ्यांना जवळ बोलावतात.

मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते वरून बसायच्या हाडाला चिकटलेले असतात आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे पोचतात. म्हणजे खुबा आणि गुडघा ह्या दोन सांध्यांवरून ते ताणलेले आहेत. बाई स्वतःच्या मांडीवरून हात फिरवत दाखवतात. खुब्यात वाकलं की ते वरून ताणले जातात. गुडघा सरळ केला की खालून ताणले जातात. एका वेळी एक ताण ते सोसतात. पण गुडघे ताठ, कंबर वाकलेली आणि त्यात बोट धडाला पुढे खेचतेय असं तिन्ही एकदम जुळलं, तर स्नायू फाटतो. कधी कधी त्याची कंडरा हाडापासूनच सुटून येते आणि मग बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. नवशिक्यांना हा धोका सर्वांत जास्त, कारण उभं राहायची घाई त्यांनाच असते.

"मला आवाज आला होता," शिक्षिका सांगतात. "टक् असा. पाण्यात असूनही ऐकू आला." त्यांचा स्नायू अर्धवटच फाटला होता, शस्त्रक्रिया टळली. पण पुढचा अख्खा हिवाळा त्या वर्गात उशी घेऊन बसायच्या.

भाचा काही न बोलता पुन्हा चटईवर बसतो.

तो धडा गिरवत असताना आजोबा मला राल्फ सॅम्युएलसनची गोष्ट सांगतात. इथून आग्नेयेला मिसिसिपी नदी एके ठिकाणी रुंदावते, तिला लेक पेपिन म्हणतात, आणि तिच्या काठावर लेक सिटी नावाचं गाव आहे. 1922 च्या उन्हाळ्यात तिथला हा अठरा वर्षांचा पोरगा बर्फावर घसरतात तसं पाण्यावर घसरता येईल का, ह्या ध्यासानं पछाडला. आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या, बुडाला. मग बर्फावरच्या स्की लावल्या, बुडाला. शेवटी आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद पाइनच्या फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोकं उकळून मऊ केली आणि वर वळवली. भाऊ बेन बोट चालवायचा. तरीही जमेना, कारण स्की पाण्याखाली सपाट ठेवूनच तो उठू बघायचा. 2 जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो मागे रेलून बसला, स्कीची टोकं पाण्याबाहेर काढली आणि बोटीबरोबर वर आला. वॉटर स्कीइंग तिथे जन्मलं. अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेनं मात्र ह्या शोधाचा मान त्याला दिला तो 1966 मध्ये.

"फळ्यांचा दोष नव्हताच सगळा," आजोबा म्हणतात. "बसायचं कसं ते कळायला वेळ लागला."

पलीकडे भाचा उठतोय. हात सरळ, गुडघे पोटाशी, बाई मागे जातायत, ढुंगण चटईवरून सुटतं, टाचांवर तो तोलून राहतो आणि अगदी शेवटी पाय थोडेसे उलगडतात. गुडघे अजून वाकलेलेच आहेत. बाई दोरी सैल करून त्याला खाली बसवतात. शाबासकी नाही. "परत," एवढंच.

पुढचा भाग ताकदीचा. आधी वाकायला शिकायचं. बाई झाडूची काठी आणतात आणि बँकेतल्या बाईंच्या पाठीवर उभी धरतात. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. आता वाका, पण काठी कुठेही सुटता कामा नये. बँकेतल्या बाई वाकतात आणि माकडहाडापाशी काठी लगेच सुटते, कारण पाठ गोल झालीय. "कमरेतून नाही, खुब्यातून. मागे हात न लावता दार ढकलायचंय असं समजा." त्या ढुंगण मागे नेतात, गुडघे जरासे वाकतात, काठी तिन्ही जागी टेकून राहते. आता त्यांच्या मांड्या मागून थरथरायला लागतात. बाईंना तेच हवंय. काठी बाजूला ठेवून त्या त्यांच्या हातात केटलबेल देतात. वजन उचलायचं ते ह्याच वाकण्यात. सुताराला हे उपजत येतं. रोज ओंडके उचलणारा माणूस, कंबर कशी वाचवायची हे त्याला सांगावं लागत नाही.

मग सावकाश सोडण्याचा व्यायाम. मुलगा गुडघ्यांवर उभा राहतो, सुतार त्याचे घोटे घट्ट दाबून धरतो आणि मुलानं ताठ शरीरानं इंच इंच पुढे झुकत जायचं. थोडं अंतर तो झकास जातो, मग मांड्या हात टेकतात आणि तो तळव्यांवर आपटतो. स्नायू लांब होत असताना भार पेलायची सवय ह्यानं लागते, आणि बोटीमागे नेमकं तेच होत असतं. शिक्षिकेला बाई हे करू देत नाहीत. त्यांना उताणं झोपवून, पायमोजे घातलेल्या टाचा गुळगुळीत लादीवर हळूहळू पुढे सरकवायला लावतात, कंबर वर उचललेली ठेवून. ती टाच इतकी सावकाश सरकतेय की आधी मला वाटतं ती थांबलीच आहे. शिक्षिकेचे डोळे मिटलेले आहेत आणि ओठ आकडे मोजतायत.

छताच्या तुळईला एक लोखंडी दांडा ठोकलाय. त्याला एकेकानं नुसतं लटकायचं. ओढून वर जायचं नाही, हात सरळ, खांदे कानांपासून खाली. बोटीमागे सगळ्यात आधी थकतो तो पुढचा हात, मनगटापासून कोपरापर्यंतचा. तो भरून आला की बोटं उघडतात आणि मग पायांत कितीही दम असून उपयोग नाही. भाचा अर्ध्या मिनिटात खाली उतरतो आणि हात झटकत राहतो. आजोबा त्याच्यापेक्षा जास्त टिकतात. खाली उतरल्यावर ते आपला तळवा पुढे करतात. बोटांच्या मुळाशी चार घट्टे आहेत, पिवळट, गुळगुळीत, दाबलं तरी दबत नाहीत असे. कित्येक उन्हाळ्यांची जमा.

मुलाला एका स्कीवरचं, म्हणजे स्लालमचं वेड आहे. त्यानं लादीवर खडूनं सगळा मार्ग आखलाय. बोट मधून सरळ जाते. तिच्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, असे सहा बोये, म्हणजे तरंगत्या खुणा. स्की करणाऱ्यानं प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. अख्खा मार्ग 259 मीटरचा. बोट ताशी 55 किलोमीटरनं जात असेल तर सुमारे सतरा सेकंदांत सगळं संपतं. पूर्ण दोरी 18.25 मीटरची, आणि जमत गेलं की ती टप्प्याटप्प्यानं आखूड करायची. वरच्या दर्जाचे लोक ती साडेअकरा मीटरच्याही आत आणतात. म्हणजे बोयापर्यंत दोरी पोचतच नाही, उरलेलं अंतर स्वतःचं अंग आणि पसरलेला हात ह्यांनी भरून काढायचं. मुलगा अजून पूर्ण लांबीच्या दोरीवरच आहे आणि त्याचे चार बोये होतात. पण ह्या सतरा सेकंदांसाठी तो हिवाळाभर बॅलन्स बोर्डवर उभा राहून दात घासतोय.

बाई दोरी पुन्हा खांबाला बांधतात आणि त्याला तिच्यावर रेलायला लावतात. हँडल खाली, खुब्यांजवळ, खांदे खुब्यांवर, खुबे घोट्यांवर, सगळं अंग एका रेषेत, आणि ती अख्खी रेषा खांबापासून दूर कललेली. लाटेच्या आरपार जाताना असंच रेलायचं असतं. तेव्हा दोरीवरचा ताण माणसाच्या स्वतःच्या वजनाच्याही वर जातो, आणि खांदे पुढे गेले तर तो सगळा एकट्या कमरेवर येतो. बाई तळहातानं त्याच्या हँडलवर खाली हिसका देतात. रेषा मोडत नाही. दुसऱ्यांदा बाजूनं देतात. खांदा पुढे येतो आणि मुलगा स्वतःच "कळलं" म्हणतो.

सगळे घामाघूम झालेत. गॅरेजचं दार अजून वर उचललं जातं आणि थंडगार वारा आत शिरतो. पाणी पिऊन होतं न होतं तोच बाई पुन्हा दोरी उचलतात. दमल्यावर करायचा एक व्यायाम त्यांनी मुद्दाम मागे ठेवलाय.

ह्यात शिकायचं ते सोडायला. एकेकानं दोरीवर रेलून उभं राहायचं आणि बाई टाळी वाजवतील त्या क्षणी हँडल सोडून द्यायचं. ऐकायला सोपं आहे. बाई दोरी धरून चालत राहतात, बोलत राहतात, उन्हाळ्याचा विषय काढतात आणि मध्येच टाळी वाजते. बँकेतल्या बाई चटकन सोडतात. सुतार सोडत नाही. टाळी वाजली हे त्याला कळलंय, बोटं मात्र आवळलेलीच आहेत, आणि तो दोन पावलं धडपडत पुढे येतो. तासभर आपणच ह्यांना घट्ट धरायला शिकवलं, बाई म्हणतात, म्हणून हेही आत्ताच शिकवायला हवं. तोल गेल्यावर हँडल धरून राहिलं तर बोट माणसाला पाण्यातून फरपटत नेते आणि खांदे, मांड्या, कंबर जे काही दुखावायचं ते त्या दोन-तीन सेकंदांत दुखावतं. वाचवता येईल की नाही अशी शंका आली, तर सोडायचं. पडल्यावर हात वर करून ठीक असल्याची खूण करायची. बोटीत चालवणाऱ्याखेरीज मागे बघणारं माणूस हवं, नाहीतर रुंद आरसा तरी हवा, हा मिनेसोटाचा कायदाच आहे. पण त्या माणसाला दिसायला खूण तर व्हायला हवी.

सुतार पुन्हा उभा राहतो. टाळी. ह्या वेळी हँडल खाली पडतं आणि त्याच्या दोन्ही मुठी रिकाम्या हवेत उघडतात.

शेवटी बाई दोरीचं मोकळं टोक भाच्याच्या हातात देतात.

"आता तू बोट."

समोर चटईवर शिक्षिका बसतात. बाईंचं म्हणणं असं की बैठक कितीही पक्की असली तरी चालवणाऱ्यानं एकदम थ्रॉटल दाबला तर ती मोडते. तेव्हा इथल्या प्रत्येकाला ओढता आलं पाहिजे. आधी दोरीतला झोल काढायचा, मग थांबायचं, मग सावकाश वेग वाढवायचा. भाचा दोरी कमरेभोवती घेतो, झोल काढतो आणि मागे पाऊल टाकतो.

"मी काही बोलले का?" शिक्षिका विचारतात. आवाज वर्गातला आहे. भाचा पाऊल परत जागेवर आणतो आणि सगळे हसतात.

"हिट इट!"

तो निघतो, पण जोरात. शिक्षिकेच्या टाचा चटईवर सरकतात, आणि छाती पुढे झुकायच्या आत त्या हँडल सोडून देतात. ते लादीवर धपकन आपटतं. बाई मान डोलावतात. आज पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "छान" निघतं आणि ते उठण्यासाठी नाही, सोडण्यासाठी आहे.

पुन्हा झोल, पुन्हा थांबणं, पुन्हा शिक्षिकेची आरोळी. भाचा आता एक एक पाऊल मोजून टाकतोय. दोरी ताणली जाते, शिक्षिका गुडघे पोटाशी धरून बसून राहतात, चटईवरून सुटतात, टाचांवर येतात, आणि उभं राहायची कसलीही घाई न करता, सगळ्यात शेवटी, उभ्या राहतात. दुखावलेल्या मांडीला हात लावून बघतात. ठीक आहे.

"आता आजोबा," बाई म्हणतात. "ते जड आहेत म्हणून जोर लावायचा नाही. तेवढंच सावकाश."

भाचा बाहीनं कपाळ पुसतो. आज सगळ्यात जास्त घाम त्याला दुसऱ्याला उठवताना आलाय. आजोबा एका हातानं खांब धरून जमेल तेवढे खाली बसतात, दुसरा हात हँडलकडे नेतात आणि वर न बघताच बजावतात, "मी सांगितल्यावर हं. आधी नाही."